ईस्टरनंतरचे पन्नास दिवस कसे पाळावेत

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आपण नेटाने पाळतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांचा नेम ठरवतो आणि तो मोडला तर मनाला लागते. पुनरुत्थानाचा रविवार सरला की मात्र सोमवारी सारे आटोपल्यासारखे होते. वास्तविक हा सण एका दिवसाचा नाही. तो पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, 50 दिवस चालतो. 325 साली निकाया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने या काळात आणि प्रत्येक रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असा नियम घालून दिला, कारण उभे राहणे ही पुनरुत्थानाची खूण मानली जात होती. सुरुवात तेथूनच करता येईल: निदान सकाळची प्रार्थना उभ्याने करावी.

त्याबरोबर वाचनाचा नेम धरावा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नेम हाच आहे. चार शुभवर्तमानांचे, म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवनवृत्तान्तांचे, शेवटचे अध्याय सावकाश, आठवड्याला एकच प्रसंग घेऊन आणि रोज तोच पुन्हा उघडून वाचावेत. वाचताना एवढेच पाहावे की, उठलेला प्रभू ज्याला भेटला तो माणूस त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता. मग्दालीया मरीया रडत होती. तिने त्याला माळी समजले आणि स्वतःचे नाव त्याच्या तोंडून ऐकल्यावरच ओळखले. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य खिन्न होते. यरुशलेमेपासून सुमारे 11 किलोमीटरच्या त्या वाटेवर तो सोबत चालला, तरी भाकर मोडेपर्यंत त्यांना उमगले नाही. शिष्य पेत्राने कोळशाच्या विस्तवापाशी प्रभूला नाकारले होते, आणि तशाच विस्तवापाशी, समुद्रकिनारी, पेत्राला तीन वेळा विचारले गेले की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. यांच्यापैकी कोणीही विश्वासाची तयारी करून बसलेला नव्हता. आपलीही तयारी नसेल तर तेवढ्यासाठी वाचन पुढे ढकलू नये.

जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्य थोमाच्या प्रसंगापाशी एकाऐवजी दोन आठवडे थांबले तरी चालेल. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा तशाच होत्या. पुनरुत्थानाने त्या पुसून टाकल्या नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झाला आहे त्यांना, आता ईस्टर आहे, रडू नका, असे कधीही सांगू नये. प्रभूनेही मरीयेला, तू का रडतेस, असे विचारले आणि तिला बोलू दिले. या पन्नास दिवसांत अशा एका घरी जावे, बसावे, ऐकावे. वचने पाठ म्हणून दाखवण्याची घाई करू नये.

बाप्तिस्म्याची आठवण हाही या काळाचाच भाग आहे. प्राचीन चर्चमध्ये नव्या विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या रात्री होत असे, आणि रोमकरांस पत्राचा 6 वा अध्याय त्याचा अर्थ सांगतो: ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊक नसेल तर घरच्या वडीलधाऱ्यांकडून किंवा चर्चच्या नोंदवहीतून ती शोधून लिहून ठेवावी. मग जुन्या जीवनातली एकच गोष्ट सोडायला घ्यावी. मी तरी मनात धरलेला राग निवडायला सांगेन. योहानाच्या वृत्तान्तात, पळून गेलेल्या शिष्यांना बंद दारांआड प्रभूचा पहिला शब्द शांतीचा होता, जाब विचारणारा नव्हता. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे जाताना आपला पहिला शब्द कोणता असेल, हे आधी ठरवून जावे.

रविवारची उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नये, हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस आहे. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहणाचा सण येतो. तेथून पुढे प्रेषितांच्या कृत्यांचा 1 ला अध्याय वाचायला घ्यावा आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी 2 रा अध्याय मोठ्याने वाचावा, शक्यतो एकट्याने नव्हे, कारण ते शिष्यही त्या दिवशी एकत्र जमले होते.