राउंट्रीची दारिद्र्यरेषा वहीत कशी मांडावी

गरिबीचा अभ्यासक सीबोम राउंट्रीने १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या ११,५६० कामगार कुटुंबांची घरोघर माहिती जमवली. त्याची रेषा, म्हणजे घराला नुसतं जगायला लागणारा किमान खर्च, नुसती वाचून सोडू नका, स्वतः मांडा.

नवरा, बायको आणि तीन मुलं असं एक घर धरा. सगळा हिशेब आठवड्याचा आणि फक्त पेन्समध्ये ठेवा. १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स; ‘१२ शिलिंग ९ पेन्स’ला १२.९ समजलं की पुढचं सगळं चुकतं.

राउंट्रीचे दर असे. अन्न: मोठ्यांना माणशी ३६, मुलांना प्रत्येकी २७, म्हणजे १५३. भाडं ४८. कपडे मोठ्यांना ६, मुलांना ५, म्हणून २७. जळण घराला २२. किरकोळ माणशी २, म्हणजे १०. बेरीज २६० पेन्स, अर्थात २१ शिलिंग ८ पेन्स.

आता मजुरी शेजारी लिहा. यॉर्कमधल्या अकुशल मजुराला साधारण १८ ते २१ शिलिंग मिळत. २१ शिलिंगांतही ८ पेन्स कमी पडतात. १८ मध्ये ४४. या अन्नात खाटकाकडचं मांस नाही, किरकोळात ट्रामचं भाडं, वर्तमानपत्र किंवा टपाल तिकीटही नाही. उधळपट्टीला जागाच कुठे आहे? प्राथमिक दारिद्र्याचं, म्हणजे कमाईच या रेषेपेक्षा कमी असण्याचं, निम्म्याहून जास्त कारण, ५१.९६ टक्के, नियमित कामाची अपुरी मजुरी हेच निघालं. (आपल्या दादाभाई नौरोजींनीही त्याआधी कैद्यांच्या शिध्यावरून जगण्याचा किमान खर्च काढला होता.)

दुसरं घर तपासताना ४८ पेन्स भाडं तसंच उचलू नका. त्या घराचं खरं भाडं घाला. राउंट्रीनेही तेच केलं.

सर्वांत जास्त घोटाळा दुय्यम दारिद्र्यात, म्हणजे कमाई रेषेइतकी असूनही हलाखीत राहण्यात, होतो. ते या बेरजेतून निघत नाही. पाहणी करणाऱ्यांना डोळ्यांनी हलाखीत दिसलेली माणसं २०,३०२, शहराच्या २७.८४ टक्के. त्यांतून रेषेखालची ७,२३० वजा केली की उरतात ते १३,०७२ दुय्यम. म्हणून २७.८४ टक्के लोक रेषेखाली होते असं लिहिणं चूक, रेषेखाली ९.९१ टक्केच.

शेवटी ब्रिटनचा १९०८ चा वृद्ध निवृत्तिवेतन कायदा याच मापाने मोजा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, म्हणजे ६० पेन्स. एकट्या म्हातारीचा खर्च: अन्न ३६, कपडे ६, जळण २२, किरकोळ २. झाले ६६, तेही १८९९ च्या दराने, आणि भाडं अजून धरलेलंच नाही.