पशुवैद्यक व्हायचे असेल तर

पशुवैद्यकीय शाखेचा अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांची परवानगी घेऊन, काही दिवस सकाळी जाऊन बसावे. कुत्र्यामांजरांचा लळा असणे चांगलेच. परंतु या व्यवसायात रात्री-अपरात्री अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा मुडपलेला पाय सरळ करावा लागतो, आणि ते आपल्याला झेपेल की नाही हे माहितीपुस्तिका वाचून कळत नाही.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि नीट परीक्षेचे गुण लागतात. राज्यातील सरकारी महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय त्यांतले सर्वांत जुने. या सर्व महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय कोट्यातून भरते, म्हणून दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा. पदवी साडेपाच वर्षांची असून शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे, असते. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. सरकारी नोकरी हवी असल्यास लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते.

आंतरवासितेचे वर्ष मात्र उरकून टाकण्याचे नव्हे. जनावर बोलत नाही आणि मालक जे सांगतो ते अर्धवट असते, म्हणून तपासणीची सवय याच वर्षी हाताला लागली पाहिजे: गायीच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ टेकवून दोन मिनिटे थांबावे, निरोगी गायीत तेवढ्या वेळात कोठीपोटाच्या (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्याच्या) दोन-तीन लाटा मुठीला जाणवतात. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकले असेल असे समजून उघडा हात कधीही घालू नये, कारण ते रेबीज असू शकते; त्या रोगाची प्रतिबंधक लस शिकत असतानाच घ्यावी.

प्राणिकल्याणाची खरी कसोटी वेदनेच्या बाबतीत लागते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला अनावश्यक वेदना होऊ न देण्याची जबाबदारी त्याचा सांभाळ करणाऱ्यावर टाकतो. पण खच्चीकरण किंवा शिंगे काढणे भूल न देता उरकावे असा आग्रह धरणारा मालकच पुष्कळदा फी देणारा असतो. अशा वेळी नुसता नकार देऊन निघून आल्यास तेच काम गावातला कोणीतरी दगडाने करतो, असे माझे मत आहे; त्यापेक्षा स्थानिक भुलेचे इंजेक्शन फीमध्येच धरून, ‘याशिवाय मी हात लावणार नाही’ असे आधीच सांगावे.

वेदनाशामक निवडतानाही पुढचा विचार हवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसांसाठीचे इंजेक्शन आजही कोणत्याही औषधाच्या दुकानात असते आणि मालक ते स्वतःहून आणूनही देतो. ते परत करावे, कारण सांगावे आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्झिकॅम लिहून द्यावे.