जुनी स्पोर्ट्स कार खाली बसवताना

जुन्या वेगवान गाडीची उंची कमी करायची म्हटले की लक्ष टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीकडे जाते. ती फट डोळ्यांना खटकते हे मान्य. परंतु गाडी खाली येते तेव्हा प्रत्येक आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन, प्रत्येक बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा) पीळ आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला उरलेली चाल हे सारेच बदलते, आणि वीस-तीस वर्षे चाललेल्या गाडीत यांतले काहीही मूळच्या स्थितीत राहिलेले नसते.

उंची घटली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो. मात्र मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाड्यांत, आणि जुन्या वेगवान गाड्यांपैकी बऱ्याच याच रचनेच्या आहेत, लोअर आर्म आडवा असण्याऐवजी चाकाकडे वर चढू लागला की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढल्याने गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते, आणि तो कल रोखण्यासाठी स्प्रिंग आणखी कडक करावी लागते. म्हणून रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी २५ ते ३० मिमी ही घट मला पुरेशी वाटते. त्यापुढे जायचे असेल तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोलाकार सांधा) खाली घेणारे स्पेसर आणि टाय रॉडच्या (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) कोनाची दुरुस्ती हे खर्चही हिशेबात धरावेत.

हात लावण्यापूर्वी मोजमाप घ्यावे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी नोंदवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरचा आकार आणि हवेचा दाब आकड्यात मिसळतात. जुन्या स्प्रिंगा बहुधा आधीच बसलेल्या असतात, आणि चालकाची बाजू अनेकदा थोडी अधिक. ‘३० मिमी खाली’ असे लिहिलेली स्प्रिंग कारखान्यातून निघालेल्या उंचीच्या तुलनेत ३० मिमी खाली असते. त्यामुळे नव्या स्प्रिंगा घालूनही गाडी जेमतेम खाली आली, किंवा एखाद्या बाजूने वरच गेली, तर दोष स्प्रिंगेचा नसतो.

स्प्रिंग निवडताना शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा विचार वेगळा काढता येत नाही. मूळ मांडणीत चाकाला वर जाण्यासाठी ७० मिमी चाल असेल, तर गाडी ४० मिमी खाली घेतल्यावर ३० मिमीच उरते आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप (चाल संपल्यावर आदळणारा रबरी ठोकळा) लागू लागतो. यावर कडक स्प्रिंग, तिला आवरेल इतक्या डॅम्पिंगचा (उसळी शमवण्याच्या ताकदीचा) शॉक आणि गरजेनुसार आखूड बंप स्टॉप असा जुळलेला संच लागतो. थकलेल्या जुन्या शॉकवर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर गाडी खाली दिसते आणि उड्या मारत चालते. शिवाय गाडी जॅकवर उचलून चाक लोंबकळते तेव्हा आखूड स्प्रिंग बैठकीत घट्ट राहते का, हे तपासावे. ती सैल पडत असेल तर उसळीनंतर बैठक सोडून वाकडी बसू शकते.

स्प्रिंग कापण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. सहा कार्यरत वेटोळ्यांतले एक कापले तर कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे यामागचे गणित खोटे नाही. परंतु टोकाकडे अरुंद होत जाणाऱ्या स्प्रिंगेचे टोक कापल्यावर ती बैठकीत नीट बसत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवण्याचा प्रकार तर करूच नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी (टेम्पर) उतरते आणि ते किती उतरले हे कुणालाच सांगता येत नाही. पोर्श ९११ च्या १९८९ पर्यंतच्या जुन्या पिढीसारख्या टॉर्शन बारच्या (वेटोळ्या स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या दांड्यांच्या) गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. तिथे बार दात्यांवर फिरवून उंची कमी होते आणि कडकपणा तोच राहतो.

प्रत्यक्ष कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून गंजलेल्या बोल्टांवर भेदक तेल मारत राहावे. गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडांवर) पक्की टेकवावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. स्ट्रट नकलशी (चाकाचे हब धरणाऱ्या भागाशी) जोडणाऱ्या बोल्टांची मूळ जागा खुणेने नोंदवावी, कारण काही गाड्यांत तिथेच कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) ठरतो. ब्रेकचा होज क्लिपमधून मोकळा करावा आणि सुटलेले हब तारेने बांधून ठेवावे, म्हणजे त्याचे वजन होजवर किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर येणार नाही. स्प्रिंग काँप्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे) दोन्ही हूक समोरासमोर लावून आलटून-पालटून आवळावेत आणि स्प्रिंग बैठकीतून पूर्ण सैल होईपर्यंत वरचा मधला नट सोडू नये. या एका घाईने माणसे गंभीर जखमी झालेली आहेत.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचे रबर माउंट आणि बेअरिंग बदलून घ्यावे. त्यासाठी पुन्हा सारे खोलण्याची मजुरी त्या भागांपेक्षा महाग पडते. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट यांनाही हाताने हलवून पाहावे. रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. रबर धातूला चिकटवलेले असल्याने, तसे आवळल्यास गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहते, लवकर फाटते आणि उंचीही थोडी चुकवते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, पुढे-मागे ढकलून बसू द्यावी आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळावे. अँटी-रोल बारच्या (गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंकही याच टप्प्यावर जोडाव्यात.

अलाइनमेंटशिवाय (चाकांचे कोन जुळवून घेतल्याशिवाय) गाडी दूर नेऊ नये. टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला की टायरची कड भराभर झिजते; थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) त्यामानाने निरुपद्रवी असतो. बीएमडब्ल्यू ई३० सारख्या गाडीत मागचे आर्म तिरके असल्याने खाली घेताच मागचा ऋण कॅम्बर वाढतो आणि मूळ मांडणीत तो बदलण्याची सोय नसते, म्हणून सुधारित माउंट आधीच मिळवून ठेवावेत. मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची जुळणी नक्की करावी: खाली आलेली गाडी त्याला लादलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकू शकतात. हेडलाइटचा रोख पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी खाली आल्यास बदलतो, तोही तपासावा.

२०० ते ३०० किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसतात. तेव्हा तीच चार अंतरे पुन्हा मोजावीत, बोल्टांचा टॉर्क तपासावा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर आतल्या पत्र्याला घासल्याच्या खुणा शोधाव्यात आणि उंची पहिल्या दिवसापेक्षा बदलली असेल तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे.