जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी आणि भरताना

एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस संपला असेल, भरून घ्या’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि ती जागा शोधल्याशिवाय मे महिन्यात भरलेला गॅस पोळ्यापर्यंत टिकायची खात्री नाही.

आधी फुकटातलं बघा: फ्यूज, रिले, बेल्ट, पुढचा पंखा. मग रेडिएटरपुढची कंडेन्सरची, म्हणजे तापलेला गॅस थंड करणारी, जाळी. आपल्याकडं तिच्यात रुई, सोयाबीनचं कुटार आणि धूळ यांचा थर बसतो. नळाच्या साध्या धारेनं आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर लावलात तर पाती वाकतात.

गॅससोबत तेलही झिरपतं, म्हणून गळतीच्या जागी चिकट, धुळकट डाग दिसतो. पाइपचे जोड, कंडेन्सरची खालची कड आणि चार्जिंगची पिन यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. जोड उघडण्याआधी उरलेला गॅस मेकॅनिककडच्या मशीननं काढून घ्या. जोडातली रबरी ओ-रिंग आर-१३४ए ला (एसीत भरायच्या गॅसला) चालणारीच घाला. ओल शोषणारी ड्रायर बाटली नवी घाला, पैसे वाचवू नका.

आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप आणि गेज भाड्यानं आणा. गेजची सुई व्हॅक्यूमच्या २८-२९ इंचांवर गेल्यावरही अर्धा तास चालू ठेवा, मग व्हॉल्व बंद करून अर्धा तास बघा. सुई हलली तर पुन्हा गळती शोधा.

आता गॅस. या पायरीनं मला सगळ्यात जास्त छळलं, कारण जो तो गेज बघून भरायला सांगतो. ४५ अंशांच्या उन्हात गाडी बंद असताना दोन्ही गेज (लो साइड म्हणजे कमी दाबाची बाजू, हाय साइड म्हणजे जास्त दाबाची) साधारण १५० पीएसआय दाब दाखवतात, मग गॅस अर्धा असो की पूर्ण! आत थोडाही द्रव असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, वजनावर नाही. एसी चालू केल्यावर हाय साइड २५० च्या वर गेली तरी आपल्या उन्हात ते नवल नाही. थंड गावचे दाबाचे तक्ते इथं लावून लोक चांगला गॅस सोडून देतात, नाहीतर दुप्पट कोंबतात.

म्हणून वजनानं भरा. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. स्टिकर गेलं असेल तर गाडीचं मॅन्युअल बघा. डबा किराणा दुकानातल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा ठेवा आणि लो साइडनंच, थोडाथोडा द्या. डबा उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो मोडतो. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व उघडला तर उलटा दाब येऊन डबा फुटू शकतो. डबा उन्हात ठेवू नका. हातमोजे, चष्मा घाला, आणि काम मोकळ्या पडवीत, सकाळी करा.

आर-१२ (आर-१३४ए च्या आधीचा गॅस) वाली फार जुनी गाडी असेल तर घरी हात लावू नका. तिचं तेलही वेगळं असतं. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरून देणारा भेटलाच, तर त्याला गाडीजवळही येऊ देऊ नका. कूलिंग कॉइल गळली की तो गॅस थेट केबिनमध्ये येतो.