९७ टक्के अचूकता आली? पेढे वाटण्याआधी या चुका तपासा

ईईजीवरून (डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून नोंदवलेले मेंदूचे विद्युत सिग्नल) 'लक्ष आहे की नाही' ओळखणाऱ्या मॉडेलने ९७ टक्के गाठले की आता माझ्या पोटात गोळाच येतो. पहिल्यांदा आले तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते.

घोळ डेटाच्या वाटणीत होता. रेकॉर्डिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे, तेही अर्धे एकमेकांवर चढलेले, आणि पत्ते पिसावेत तसे पिसून मी ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचा डेटा) यांत टाकले होते. म्हणजे पेपरही तोच, उत्तरपत्रिकाही तीच. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं ग्रुप-के-फोल्ड, म्हणजे गटांनुसार वाटणी करणारं साधन, लावलं, एका माणसाचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेवले. आकडा धाडकन साठीच्या आसपास आला. खरा तोच होता.

दुसरी चूक प्रयोगाच्या आखणीतली, त्यामुळे कोड कितीही सुधारा, ती जात नाही. आधी दहा मिनिटं विश्रांती, मग दहा मिनिटं लक्षाचं काम असं ठेवलं, तर तेवढ्यात इलेक्ट्रोडखालचं जेल सुकतं, सिग्नल सरकतो, माणूस कंटाळतो आणि सुस्तावलेल्या मेंदूच्या संथ अल्फा लहरी वाढतात. मॉडेल लक्ष नाही, घड्याळ वाचतं. २०१७ साली ईईजीवरून ४० प्रकारची चित्रं सुमारे ८३ टक्के अचूक ओळखल्याचा दावा झाला होता. एका प्रकारची चित्रं सलग दाखवली होती. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रम मिसळून पाहिल्यावर मॉडेलची कामगिरी चाळीस चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलावी तशी झाली. तेव्हा विश्रांती आणि काम आलटून पालटून, छोट्या तुकड्यांत घ्या.

मग डोळे. मेंदूचा सिग्नल साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा, पापणीची उघडझाप शंभराच्या वर. टक लावून बघणारा पापण्या कमी मिटतो, त्यामुळे कपाळावरचे इलेक्ट्रोड लक्षाऐवजी पापण्या मोजत बसतात. शंका आली तर मॉडेलला फक्त डोळ्यांचा चॅनेल द्या. अचूकता तेवढीच राहिली, तर मेंदूचं नाव घेऊ नका. आयसीएने (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी गणिती पद्धत) साफसफाई करा, पण दात आवळल्याने बीटा पट्ट्यात, म्हणजे मेंदूच्या जलद लहरींत, मिसळणारा स्नायूंचा गोंगाट त्यातून पुरता जात नाही.

नॉर्मलायझेशन (आकडे एका मापात आणणं) आणि फीचर निवड (उपयोगी वैशिष्ट्यं निवडणं) वाटणीनंतर, फक्त ट्रेनवर ठरवा. लेबलं, म्हणजे 'लक्ष आहे/नाही' ही उत्तरं, पिसून एकदा चालवाच; तरीही ८० टक्के येत असतील तर बहुधा कुठेतरी गळती आहे, म्हणजे टेस्टची माहिती ट्रेनमध्ये झिरपते आहे.

आणि लक्ष वाढवण्याच्या 'प्रशिक्षणाने मेंदू बदलला' म्हणायचं असेल, तर तेवढाच वेळ साधा खेळ खेळलेला गट हवा. त्यांचंही रेकॉर्डिंग आधीचं की नंतरचं हे मॉडेल तितकंच सहज ओळखत असेल, तर त्याला एवढंच कळलंय की माणूस टोपीला सरावला.