आईवडिलांच्या खुनामागचा हेतू कसा तपासावा : मेनेंडेझ खटल्याच्या आधारे

२० ऑगस्ट १९८९ च्या रात्री कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे, राहत्या घरी टीव्हीसमोर बसलेले होजे आणि किटी मेनेंडेझ यांना त्यांच्याच मुलांनी, एकवीस वर्षांच्या लाइलने आणि अठरा वर्षांच्या एरिकने, शॉटगनने ठार केले. खटला उभा राहिला तेव्हा खून कोणी केला याविषयी वादच उरला नव्हता. सगळा वाद का केला यावर होता. सरकारी पक्षाच्या मते सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची मालमत्ता हे कारण होते. बचाव पक्षाच्या मते वडिलांनी वर्षानुवर्षे केलेला लैंगिक अत्याचार आणि आता आपल्यालाच मारले जाईल ही भीती. हेतूच्या तपासणीचा अभ्यास करायचा तर याहून सोयीचे प्रकरण मिळणे कठीण. आधी एक बाजू निवडायची आणि मग तिच्यासाठी पुरावे शोधायचे, हे मात्र कटाक्षाने टाळावे.

पहिले काम म्हणजे हेतू आणि इरादा यांची फारकत करणे. माणसाने कृत्य का केले हा हेतूचा प्रश्न, तर कृत्य करताना ते जाणूनबुजून, ठरवून केले का हा इराद्याचा प्रश्न होय. हेतू कितीही सहानुभूतीचा असला तरी इरादा सिद्ध झाल्यास कायदा त्याला खूनच म्हणतो. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नानावटी खटल्यात हेतूबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरीही पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गंभीर व आकस्मिक चिथावणीचा बचाव मान्य केला नाही. मेनेंडेझ प्रकरणात बंदुका दोन दिवस आधी, सॅन डिएगोला जाऊन, दुसऱ्याच्या ओळखपत्रावर विकत घेतल्या होत्या. ही खरेदी पूर्वतयारीचा भक्कम पुरावा आहे, परंतु तयारी लोभापोटी होती की भीतीपोटी, हे ती सांगत नाही. घाबरलेला माणूसही बंदूक विकत घेतो.

यानंतर सर्व घटना तारखेनुसार मांडाव्यात आणि प्रत्येक घटनेपुढे ती प्रथम कधी व कोणी सांगितली हेही लिहावे. या दुसऱ्या रकान्याला माझ्या मते पहिल्याहून अधिक महत्त्व आहे, कारण अटकेनंतर सांगितलेली गोष्ट आणि अटकेपूर्वी, कोणताही फायदा नसताना सांगितलेली गोष्ट यांचे वजन सारखे नसते. अत्याचाराचा आरोप बचावासाठी रचला गेला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. आता या रकान्यात पाहावे. लाइल आठ वर्षांचा असताना त्याने आपल्याला वडिलांविषयी सांगितले होते, अशी साक्ष मावसबहिणीने दिली. एरिकने लहानपणी आपल्याजवळ मन मोकळे केले होते, अशी साक्ष आतेभावाने दिली. साक्षी १९९३ च्या, प्रसंग मात्र बरेच जुने, शिवाय साक्षीदार नात्यातले, म्हणून यांना मध्यम वजन द्यावे. एरिकने आतेभावाला लिहिलेले पत्र मजकुरातील उल्लेखांवरून डिसेंबर १९८८ च्या सुमाराचे, म्हणजे खुनाच्या आठ महिने आधीचे, मानले जाते. ते खरोखर त्या काळातले असेल तर त्याचे वजन बरेच वाढते. म्हणूनच सरकारी पक्षाने त्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेतली. होजे मेनेंडेझने आपल्यावरही बलात्कार केल्याचा आरोप मेनुडो या गायकसंघातील एका माजी सदस्याने २०२३ मध्ये जाहीरपणे केला. तो कुटुंबाबाहेरचा आहे ही त्याची जमेची बाजू, तर आरोप तीन दशकांहून उशिराचा आहे ही वजावट.

कुटुंबाचे चित्र रेखाटताना विशेषणे बाजूला ठेवून कोण कोणासाठी काय करत होते आणि काय लपवत होते, एवढेच नोंदवावे. होजे सोळाव्या वर्षी क्यूबातून अमेरिकेत आला आणि मनोरंजन क्षेत्रातील एका कंपनीचा प्रमुख होण्यापर्यंत पोहोचला. मुलांचे टेनिस, अभ्यास, मित्र, सगळे तोच ठरवी. किटीला पतीच्या दीर्घ विवाहबाह्य संबंधाचा पत्ता लागला होता आणि ती दारू व गोळ्यांच्या आधाराने दिवस काढत होती. लाइलला प्रिन्स्टन विद्यापीठातून नक्कल केल्याबद्दल वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले. १९८८ मध्ये दोघा भावांनी कॅलाबासस परिसरात ओळखीच्यांच्या घरी चोऱ्या केल्या. वडिलांनी भरपाई करून प्रकरण मिटवले, दोष अल्पवयीन एरिकने पत्करला आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यात आले. ही नोंद जपून ठेवावी, कारण त्याच तज्ज्ञापुढे एरिकने ३१ ऑक्टोबर १९८९ रोजी खुनाची कबुली दिली. या घरात प्रत्येक संकट पैसे आणि वजन वापरून दाराआड मिटवले जाई, एवढा निष्कर्ष काढता येतो. त्यावरून अत्याचार झाला असे सिद्ध होत नाही, पण घरातले बाहेर का गेले नाही, हे मात्र समजते.

पैशाचा पुरावा वाचताना बहुतेकांचा घोटाळा होतो. खुनानंतर आठवड्याभरात रोलेक्स घड्याळे, मग पोर्श गाडी, प्रिन्स्टनमधील उपाहारगृह, खासगी टेनिस प्रशिक्षक असे करत भावांनी काही महिन्यांत सुमारे सात लाख डॉलर उडवल्याचे सांगितले गेले. हे वाचताना संताप येतो, आणि ज्यूरीलाही तो यावा अशीच सरकारी पक्षाची अपेक्षा होती. परंतु खुनानंतरचा खर्च खुनापूर्वीच्या हेतूचा अप्रत्यक्ष पुरावाच असतो, आणि ही मुले आधीपासूनच उधळपट्टीला सरावलेली होती. त्याहून जड पुरावा वेगळा आहे: आईवडिलांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत लाइलने तज्ज्ञ बोलावून घरच्या संगणकावरील एक फाइल कायमची पुसून घेतली. त्या फाइलमध्ये मृत्युपत्र असावे असे मानले गेले, म्हणून मृत्युपत्राची चिंता त्यातून दिसते. एरिकने मित्रासोबत लिहिलेल्या पटकथेत वारशासाठी आईवडिलांना मारणारा मुलगा होता, हा योगायोग गाजला खूप. मी त्याला फारसे महत्त्व देणार नाही, कारण कल्पित कथेवरून हेतू ठरवू लागलो तर रहस्यकथा लिहिणारा एकही सुटायचा नाही.

भीतीचा दावा तपासताना तो लहान, पडताळता येतील अशा तुकड्यांत मोडावा. भावांच्या सांगण्यानुसार शेवटच्या आठवड्यात भांडणात आईने लाइलचा केसांचा टोप ओढून काढला. एरिकला तो टोप ठाऊकच नव्हता, आणि भावाचे गुपित उघडे पडलेले पाहून त्याने आपले गुपित सांगितले. मग लाइलने वडिलांना जाब विचारला, धमकी मिळाली, आदल्या दिवशी मासेमारीसाठी सगळे बोटीवर गेले तेव्हा तिथेच आपल्याला संपवतील असे दोघांना वाटले. यातील बहुतेक भाग पडताळता येत नाही. एक तुकडा मात्र पडताळता आला: प्रथम आपण सांता मोनिकातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानात पिस्तुले पाहायला गेलो होतो, असे एरिकने सांगितले, आणि त्या दुकानाने पिस्तुले विकणे काही वर्षांपूर्वीच बंद केल्याचे सरकारी वकिलांनी उलटतपासणीत दाखवून दिले. अशा वेळी दोन टोके टाळावीत. एक खोटे सापडले म्हणून सगळे खोटे ठरत नाही, आणि बाकीचे हृदयद्रावक आहे म्हणून ते खोटे क्षुल्लकही ठरत नाही. बंदुका का व कशा घेतल्या या कळीच्या भागावरचा विश्वास त्याने कमी होतो, एवढे नोंदवून पुढे जावे.

११ डिसेंबर १९८९ रोजी एरिकच्या मानसोपचारतज्ज्ञाने भावांच्या बोलण्याचे केलेले ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे आणि म्हणूनच मोलाचे आहे. त्यात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नाही, ही बचाव पक्षाची अडचण. पण त्यात पैशाची हाव हे कारण म्हणूनही येत नाही. येते ते वडिलांचे असह्य वर्चस्व आणि दुःखातून आईची सुटका केल्याची भाषा. म्हणजे न्यायालयात मांडलेल्या दोन हेतूंखेरीज तिसरा हेतू येथे भावांच्याच तोंडून ऐकू येतो. अत्याचारग्रस्त तरुण मुलगे ही गोष्ट वर्षानुवर्षे न बोलणे अगदी शक्य आहे, हे ध्यानात ठेवून मौनाचा अर्थ लावावा. वकिलांना एकच कारण विकायचे असते. वाचकाला तसे बंधन नाही, आणि लोभ, द्वेष व भीती एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात.

सर्वांत अवघड जागा आईची आहे, आणि तेथे घाई करू नये. वडिलांविरुद्धचा आरोप खरा धरला तरी किटीच्या मृत्यूचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही. ती जखमी होऊन खाली पडली असताना लाइलने बाहेर गाडीपर्यंत जाऊन बंदूक पुन्हा भरली आणि परत येऊन तिच्यावर शेवटची गोळी झाडली. तेवढ्या वेळात भीती उरली होती का, हा प्रश्न या खटल्यातील इतर सगळ्या साक्षींपेक्षा मला अधिक निर्णायक वाटतो. आईला सारे ठाऊक होते आणि ती वडिलांच्या बाजूची होती, असे भावांनी सांगितले; ते मानले तर राग समजतो, तातडीचा धोका समजत नाही. म्हणून वडिलांसाठी एक आणि आईसाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र निष्कर्ष लिहावेत.

तसेच भावाभावांचेही वेगळे लिहावेत. १९९३ च्या पहिल्या खटल्यात दोघांसाठी दोन स्वतंत्र ज्यूरी बसल्या होत्या, आणि जानेवारी १९९४ मध्ये दोन्हींचे एकमत झाले नाही. एरिकच्या ज्यूरीत सहा पुरुष खुनाच्या बाजूने आणि सहा स्त्रिया सदोष मनुष्यवधाच्या बाजूने उभ्या राहिल्या. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी अत्याचाराच्या पुराव्यावर मर्यादा घातल्या आणि प्रामाणिक पण अवाजवी भीतीमुळे खून सौम्य ठरतो, हा पर्याय ज्यूरीपुढे ठेवलाच नाही. मार्च १९९६ मध्ये दोघेही दोषी ठरले. निकाल वाचताना ज्यूरीला कोणता प्रश्न विचारला गेला होता, हे आधी पाहावे, कारण प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

हाच नियम नंतरच्या आदेशांनाही लावावा. मे २०२५ मध्ये पॅरोलविना जन्मठेपेची शिक्षा कमी होऊन ती पन्नास वर्षे ते जन्मठेप अशी झाली, तो निर्णय तुरुंगातील सुधारणा आणि खुनाच्या वेळचे वय यांवर आधारलेला होता. गुन्ह्याच्या वेळी तरुण असल्याने ते लगेच पॅरोलला पात्र ठरले, पण ऑगस्टमध्ये दोघांचेही पॅरोल नाकारले गेले, त्यात तुरुंगात बेकायदा मोबाइल वापरल्याचा मुद्दा ठळक होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी नव्या पुराव्याचा, म्हणजे वरचे पत्र आणि मेनुडो सदस्याचा आरोप यांवर आधारलेला, अर्ज फेटाळला, तो या पुराव्याने निकाल बदलला नसता या कारणाने. अत्याचार झाला होता की नाही, हे या तीनपैकी एकाही आदेशाने ठरवलेले नाही.