इम्पोर्टेड लागर पारखायला बसताय? या चुका टाळा

इम्पोर्टेड लागर (कमी तापमानाला आंबवलेली बिअर) आवडली नाही की शिव्या कंपनीला बसतात. पण बाटली समुद्रमार्गे येऊन वाइन शॉपच्या शेल्फवर उभी राहीपर्यंत तिचे बरेच हाल झालेले असतात, आणि उरलीसुरली चव आपण तेलकट ग्लासात घालवतो. निकाल देण्याआधी दोष नेमका कुठला, हे ओळखता यायला हवं. उदाहरण म्हणून इथे पिल्सनर (फिकट सोनेरी लागरचा एक प्रकार) जातीची पिल्सनर उर्क्वेल घेऊ: चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात १८४२ पासून बनणारी, साझ जातीच्या हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), ४.४ टक्के अल्कोहोलची.

नाव विदेशी, बिअर देशी

हायनेकेन, कार्ल्सबर्ग, बडवायझर या भारतातही बनतात. त्यामुळे पुढचं लेबल सोडा, मागचं वाचा. आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर नसेल तर ती बाटली इम्पोर्टेड म्हणून पारखायला घेऊ नका. तारीखही तिथेच बघा. 'एकावर एक फ्री' असेल तर मुदत संपत आली असण्याची शक्यता दांडगी. अशी लागर ठेवून मुरत नाही; उकाड्यात तर भराभर शिळी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. ट्रान्स-२-नोनेनल नावाचं संयुग त्यामागे असतं. पुठ्ठा लागला तर दोष वयाचा आणि उष्णतेचा, कृतीचा नव्हे.

हिरव्या बाटलीचा 'खास' वास

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि गंमत म्हणजे ती कौतुकाच्या रूपात होते. "हाच तर इम्पोर्टेडचा वास!" म्हणून ज्याला दाद मिळते, तो अनेकदा उजेडाने झालेला बिघाड असतो. हॉप्समधली कडवट द्रव्यं उजेडात तुटतात आणि त्यातून गंधकयुक्त संयुग तयार होतं. अमेरिकेतला स्कंक हा प्राणी जी दुर्गंधी सोडतो, तिच्याच जातीचं. हिरवी आणि पारदर्शक काच हा उजेड फारसा अडवत नाही, तपकिरी बरीच अडवते, कॅन पूर्ण. ट्यूबलाइटखालच्या पुढच्या रांगेतली बाटली उचलू नका. बंद खोक्यातली मागा, नाहीतर सरळ कॅन घ्या.

हा वास एकदा ओळखून ठेवावा. एकाच कॅनमधली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक सावलीत ठेवा, दुसरा दुपारच्या कडक उन्हात १०-१५ मिनिटं. मग दोन्ही हुंगा. पुन्हा कधी फसणार नाही.

ग्लास 'स्वच्छ' असतो म्हणजे काय

फेस लगेच बसला की बिअर 'फ्लॅट', म्हणजे गॅस गेलेली, ठरते. आधी ग्लास तपासा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा थर आहे. कढई घासायची घासणी ग्लासला लावली की हे होणारच. लिपस्टिक आणि चिवड्याचे हातही तेच करतात. ग्लाससाठी वेगळा ब्रश ठेवा, साबण अगदी थोडा वापरा, गरम पाण्याने खळखळून धुवा आणि जाळीवर उपडा वाळवा. फडक्याने पुसू नका, धागे राहतात. धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून वर काढा: पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ठीक, ठिकठिकाणी थेंब अडकले तर पुन्हा धुवा. शंका राहिलीच तर तीच बाटली नीट धुतलेल्या दुसऱ्या ग्लासात ओता. तिथे फेस टिकला तर प्रश्न मिटला.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका धरा, अर्ध्यावर आला की सरळ करा. वर दोन-तीन सेंटीमीटर फेस हवाच; 'फेस म्हणजे नुकसान' हा हिशेब इथे चालत नाही, कारण हॉप्सचा वास तिथूनच येतो.

बर्फाळ बिअर, झणझणीत चखना

चिल्ड बिअरची सवय पिण्यापुरती ठीक. २-३ अंशांवर वास बंद होतो आणि सगळ्या लागर सारख्याच लागतात. पारखायला ७ ते ९ अंश हवेत: फ्रीजमधून काढून साधारण १० मिनिटं, मे महिन्यात त्याहून कमी. फ्रीझरमध्ये घालून विसरू नका. चखना म्हणाल तर शेव, चकली, मसाला शेंगदाणे निकालानंतर. तोवर साधा पाव आणि साधं पाणी. अगरबत्ती आणि परफ्यूमही नको.

लेबल दिसलं की जीभ बदलते

किंमत माहीत असेल तर महागडीच जिंकते. म्हणून आधी फरक कळतो का, ते बघा. तीन पेल्यांची चाचणी सोपी आहे: दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा पेला ओळखायचा. दोन बिअरना अ आणि ब म्हणा आणि सहा जणांना सहा क्रम द्या: अबब, बअब, बबअ, अअब, अबअ, बअअ. एकूण १८ पेले, प्रत्येकी ६० मिली, म्हणजे प्रत्येक बिअर ५४० मिली. ३३० मिलीच्या दोन-दोन बाटल्या पुरतात. ओतणारा सातवा असावा, आणि त्याने खोलीत थांबू नये. रंगावरून ओळखू नये म्हणून इथे काच नको, घरचे स्टीलचे पेले घ्या.

नुसत्या अंदाजानेही तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर येतं. सहापैकी चौघांनी ओळखलं तरी तो योगायोग असू शकतो. पाच जणांनी ओळखलं तर फरक आहे असं धरा. उत्तर आधी कागदावर, बोलणं नंतर. एकाने "मधासारखी वाटते" म्हटलं की सगळ्यांना मध लागतो.

गुण देताना

"चढत नाही" हा मुद्दा गुणपत्रिकेत नसतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची सवय असलेल्याला ४.४ टक्क्यांची पिल्सनर पाणचट वाटेल, पण तो दोष तिचा नव्हे. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची विभागणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण प्रभाव १०. रूपाला फक्त तीन, हे लक्षात असू द्या. सोनेरी रंगावर भाळून गुण उधळले जातात.

आणि गुण त्या-त्या शैलीप्रमाणे द्या. उर्क्वेलमध्ये पुसटसा लोण्याचा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल या संयुगाचा. चेक शैलीत थोडा चालतो. जर्मन पिल्समध्ये (पिल्सनरच्या जर्मन शैलीत) तोच आला तर गुण कापा. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, तो माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या सातूतून) येतो. जेमतेम जाणवला तर सोडून द्या, घोटाघोटाला जाणवला तर मात्र ब्रुअरीलाच जबाबदार धरायला हरकत नाही.